घर एका राज्यात, कंपनी दुसऱ्या राज्यात: घरून काम आणि दुहेरी कर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहायला एडिसन, नोकरी न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या कंपनीत आणि आठवड्यातले तीन दिवस काम घरच्याच टेबलावर. न्यू जर्सीतल्या अनेक मराठी घरांत हे रोजचं आहे. त्या तीन दिवसांचा पगार कोणत्या राज्यात कमावला, याचं सरळ उत्तर ‘न्यू जर्सीत’ असंच असायला हवं. न्यू यॉर्क तसं मानत नाही. आमच्या मते हा कर अन्यायाचा आहे आणि तो बदलायलाच हवा. पण तो बदलेपर्यंत विवरणपत्र दरवर्षी भरावं लागणार आहे, म्हणून खालची उत्तरं.

भारतात असा प्रश्न का येत नाही?

भारतात पगारावरचा आयकर केंद्राचा असतो. महाराष्ट्र सरकार पगारातून घेतं तो फक्त व्यवसाय कर, आणि राज्यघटनेच्या मर्यादेमुळे तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जात नाही. पुण्यात बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम केलं, तरी पगारावर कर्नाटक आयकर मागायला येत नाही.

अमेरिकेत केंद्राचा आयकर भरून झाल्यावर राज्याचा वेगळा भरावा लागतो. ५० पैकी ४१ राज्यं पगारावर कर घेतात. दोन राज्यांचा संबंध आला की नेहमीची पद्धत अशी: काम प्रत्यक्ष जिथे केलं, त्या राज्याचा पहिला हक्क. तुम्ही राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर मोजतं, पण बाहेरच्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या करातून वजा करतं. दोन्ही राज्यांनी ‘काम कुठे झालं’ याची व्याख्या सारखीच ठेवली, तर कर दोनदा लागत नाही. व्याख्या वेगळ्या झाल्या की घोटाळा सुरू होतो.

‘सोयीचा नियम’ म्हणजे काय?

न्यू यॉर्कच्या कर नियमावलीत परराज्यात राहणाऱ्या नोकरदारांसाठी एक कसोटी आहे. तुम्ही न्यू यॉर्कमध्येही काम करता आणि बाहेरही करता. बाहेरचे दिवस वगळायचे असतील, तर ते काम मालकाच्या गरजेपोटी बाहेर झालेलं असलं पाहिजे. तुमच्या सोयीसाठी बाहेर केलं असेल, तर तो दिवस न्यू यॉर्कमध्येच काम केल्यासारखा धरला जातो.

‘गरज’ हा शब्द इथे फार कडक अर्थाने घेतला जातो. ऑफिसात टेबल रिकामं असेल आणि तेच काम तिथे बसून करता आलं असतं, तर घरचा दिवस सोयीचा ठरतो. मॅनेजरने ‘आठवड्यातून तीन दिवस घरून करा’ अशी ईमेल पाठवली, म्हणून तो गरजेचा होत नाही. कोविडच्या काळात सरकारी आदेशाने ऑफिसं बंद होती, तेव्हाही न्यू यॉर्कच्या कर खात्याने हीच भूमिका कायम ठेवली. मुख्य ऑफिस न्यू यॉर्कमध्ये असेल, तर घरून केलेले दिवस न्यू यॉर्कचेच. अपवाद एकच होता, तो म्हणजे मालकाने तुमच्या घरी खरंखुरं ऑफिस स्थापन केलेलं असणं.

हा नियम आणखी कुठे आहे?

पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि नेब्रास्का या राज्यांत त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. आर्कान्सॉने तो २०२१ मध्ये रद्द केला. कनेक्टिकटने २०१९ पासून आणि न्यू जर्सीने २०२३ पासून जशास तसं नियम आणला आहे. तुमचं राज्य आमच्या लोकांना हा नियम लावत असेल, तर आम्ही तुमच्या लोकांना लावू, असं त्याचं स्वरूप. म्हणजे न्यू यॉर्कमध्ये राहून न्यू जर्सीच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांनाही आता तोच त्रास. दोन सरकारांच्या भांडणात भुर्दंड मात्र पगारदारांना.

मी न्यू जर्सीत राहतो. मला खरोखर दोनदा कर पडतो का?

बहुतेकांना पूर्ण दोनदा पडत नाही, कारण न्यू जर्सी सहसा न्यू यॉर्कच्या कराचं क्रेडिट देते. पण पैसे जातातच. एक उदाहरण घेऊ. दिवस आणि पगार आम्ही धरलेले आहेत, हिशेबाची पद्धत खरी आहे.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून शनिवार-रविवार १०४, सुट्ट्या १०, रजा १५, आजारपण ४ वजा केले की कामाचे दिवस २३२ उरतात. पगार १,१६,००० डॉलर, म्हणजे दिवसाला ५०० डॉलर. मॅनहॅटनच्या ऑफिसात ९० दिवस, एडिसनच्या घरी १३० दिवस, आणि कंपनीने टेक्ससच्या ग्राहकाकडे पाठवलं ते १२ दिवस.

टेक्ससचे १२ दिवस मालकाच्या गरजेचे, ते वगळता येतात. घरचे १३० वगळता येत नाहीत. म्हणून न्यू यॉर्कचे दिवस २२० आणि न्यू यॉर्कचं उत्पन्न १,१०,००० डॉलर. प्रत्यक्ष जागेवर मोजलं असतं, तर ते ४५,००० असतं.

आता समजा, न्यू जर्सीचा क्रेडिटआधीचा कर ५,००० आणि न्यू यॉर्कचा कर ६,२०० डॉलर आला. क्रेडिटला मर्यादा असते: न्यू जर्सीच्या कराचा तेवढाच भाग, जेवढं उत्पन्न दोन्हीकडे करपात्र आहे. ५,००० गुणिले १,१०,००० भागिले १,१६,००० म्हणजे ४,७४१ डॉलर. न्यू जर्सीला उरले २५९, न्यू यॉर्कला ६,२००, एकूण ६,४५९. जागेवर मोजलं असतं, तर न्यू यॉर्कचा कर सुमारे २,५३६ आणि न्यू जर्सीचा ३,०६० आला असता, एकूण ५,५९६. वर्षाला सुमारे ८६३ डॉलर जास्त गेले.

पण यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. ज्या गावचे रस्ते, शाळा आणि अग्निशमन दल तुम्ही वापरता, त्या राज्याच्या हाती २५९ डॉलर आले. ज्या राज्यात तुम्ही ते १३० दिवस पाऊलही टाकलं नाही, त्याने बाकीचे घेतले.

मग पूर्ण दुहेरी कर कोणाला बसतो?

ज्यांचं राहतं राज्य ‘हे काम आमच्या हद्दीत झालं’ म्हणून क्रेडिट नाकारतं त्यांना. कॅलिफोर्निया हे याचं ठळक उदाहरण. परराज्याच्या कराचं क्रेडिट देताना उत्पन्न कुठलं हे कॅलिफोर्निया स्वतःच्या नियमांनी ठरवते, आणि त्या नियमांनुसार कॅलिफोर्नियात बसून केलेलं काम कॅलिफोर्नियाचंच. फ्रीमाँटच्या घरातून न्यू यॉर्कच्या टीमसाठी काम करणारी आणि अधूनमधून न्यू यॉर्क ऑफिसला जाणारी व्यक्ती या सापळ्यात अडकते. न्यू यॉर्क म्हणतं आमचं, कॅलिफोर्निया म्हणते आमचं, आणि क्रेडिट कोणीच देत नाही.

टेक्सस, फ्लॉरिडा, टेनेसी, वॉशिंग्टन अशा राज्यांत पगारावर राज्याचा करच नाही. तिथे आकड्यात दुहेरी कर होत नाही, पण क्रेडिट घ्यायलाही काही नसतं. न्यू यॉर्कचा सगळा कर खिशातून जातो.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे?

न्यू यॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने, ज्याचं तिथलं नाव कोर्ट ऑफ अपील्स आहे, हा नियम दोनदा उचलून धरला. २००३ मध्ये झेलिन्स्की खटला: कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक, शिकवायला न्यू यॉर्कमध्ये जात आणि लिखाण-संशोधन घरी करत. २००५ मध्ये हकबी खटला: टेनेसीतले संगणक प्रोग्रॅमर, सुमारे तीन चतुर्थांश काम टेनेसीत, तरी पूर्ण पगार न्यू यॉर्कला करपात्र. दोन्ही वेळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. झेलिन्स्की यांनी २०१९ आणि २०२० या करवर्षांसाठी पुन्हा आव्हान दिलं. २०२० च्या मार्चनंतर तर ते न्यू यॉर्कला जातच नव्हते. तरी २०२३ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांचा निकाल त्यांच्या विरुद्धच गेला.

आशेचा धागा २०१५ च्या मेरीलँड विरुद्ध विन या निकालात आहे. रहिवाशांना बाहेरच्या राज्यात भरलेल्या कराचं पूर्ण क्रेडिट न देणारी मेरीलँडची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरवली. त्याची कसोटी अशी: हाच नियम प्रत्येक राज्याने लावला, तर राज्याबाहेर जाऊन कमावणाऱ्यावर जास्त बोजा पडतो का? सोयीचा नियम या कसोटीवर कसा उतरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अजून तपासलेलं नाही. २०२१ मध्ये संधी आली होती. मॅसॅच्युसेट्सने कोविडकाळात असाच तात्पुरता नियम केला, न्यू हॅम्पशायर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटने पाठिंबा दिला. न्यायालयाने जून २०२१ मध्ये दावा दाखल करून घ्यायलाच परवानगी नाकारली.

अमेरिकी काँग्रेसमध्ये हा नियम बंद करणारी विधेयकं गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा मांडली गेली. एकही मंजूर झालेलं नाही. तुमच्या खासदाराच्या कार्यालयाला पत्र लिहाच. स्वतःचे आकडे घालून लिहिलेलं एका पानाचं पत्र ठरावीक मजकुराच्या ईमेलपेक्षा जास्त वाचलं जातं.

न्यू यॉर्कचं विवरणपत्र भरताना घरचे दिवस कुठे दाखवायचे?

परराज्यातल्यांचं विवरणपत्र आयटी-२०३, आणि दिवसांची विभागणी त्याला जोडलेल्या आयटी-२०३-बी वर. त्यात आधी सगळे दिवस, मग शनिवार-रविवार, सुट्ट्या, आजारपण आणि रजा वजा करून कामाचे दिवस काढतात. पुढे न्यू यॉर्कबाहेर काम केलेले दिवस भरायचे. त्याच्याच खाली ‘यातले घरी किती?’ अशी ओळ आहे, आणि तो आकडा बाहेरच्या दिवसांतून पुन्हा वजा होतो.

इथे लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण घरचे दिवस त्या ओळीत भरतच नाहीत, त्यामुळे ते वगळले जातात, रिफंड येतो, आणि दोन-तीन वर्षांनी व्याजासकट मागणीपत्र येतं. दुसरे घाबरून १०० टक्के पगार न्यू यॉर्कचा दाखवतात आणि टेक्सससारखे हक्काचे दिवसही सोडून देतात. नोकरीनिमित्त केलेल्या दुसऱ्या राज्यातल्या प्रवासाचे दिवस जरूर वगळा. एकाच दिवशी थोडं काम न्यू यॉर्कमध्ये आणि थोडं बाहेर केलं असेल, तर तो दिवस वगळायला जाऊ नका.

आणखी एक. न्यू यॉर्क आधी तुमच्या सगळ्या उत्पन्नावर रहिवाशासारखा कर काढतं आणि मग न्यू यॉर्कच्या टक्केवारीने गुणतं. त्यामुळे जोडीदाराचा न्यू जर्सीतला पगार संयुक्त विवरणपत्रात आला, की तुमच्या पगारावरचा दरही वर सरकतो.

डब्ल्यू-२ वर (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) दोन्ही राज्यांसमोर पूर्ण पगार दिसतो. ही कंपनीची चूक आहे का?

नाही. कामाचे दिवस कितीही असोत, न्यू यॉर्कच्या रकान्यात केंद्राच्या करासाठी मोजलेला पूर्ण पगार लिहावा अशी त्या राज्याची सूचनाच आहे. विभागणी तुम्ही विवरणपत्रात करायची असते. न्यू जर्सीचा आकडा तर अनेकदा त्याहून मोठा असतो, कारण आरोग्य विम्याच्या हप्त्यासारख्या केंद्राने करमुक्त ठेवलेल्या काही कपाती न्यू जर्सी करमुक्त मानत नाही. दोन राज्यांची बेरीज पगाराच्या दुप्पट दिसते, म्हणून डब्ल्यू-२ बदलून मागण्यात वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअर वापरत असाल, तर क्रम महत्त्वाचा: आधी केंद्राचं, मग न्यू यॉर्कचं परराज्याचं, शेवटी न्यू जर्सीचं रहिवाशाचं. उलट केलं तर क्रेडिट शून्य धरलं जातं. क्रेडिटच्या तक्त्यात न्यू यॉर्कच्या विवरणपत्रावरचा अंतिम कर लिहायचा, पगारातून कापलेला नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

घरालाच ‘मालकाचं खरं ऑफिस’ ठरवता येतं का?

येतं, पण अवघड आहे. कसोटी न्यू यॉर्कच्या कर खात्याच्या २००६ च्या परिपत्रकात आहे. एक तर मुख्य निकष पूर्ण करा: कामाला लागणारी खास सोय घरात किंवा घराजवळच आहे आणि ती कंपनीच्या ऑफिसात मिळू शकत नाही. गाडीची चाचणी घेणाऱ्याला घराजवळचा टेस्ट ट्रॅक लागतो, असा हा प्रकार. लॅपटॉप आणि दोन मॉनिटर त्यात बसत नाहीत.

तो जमत नसेल, तर ६ दुय्यम निकषांपैकी किमान ४ आणि शिवाय १० इतर निकषांपैकी किमान ३ पूर्ण व्हावे लागतात. दुय्यम निकषांत लेखी करारात घरून काम ही नोकरीची अट असणं, ठरावीक त्या जागी घर-ऑफिस असण्यामागे कंपनीचं व्यावसायिक कारण असणं, मुख्य कामाचा काही भाग तिथे होणं, ग्राहकांशी नियमित भेटी तिथे होणं, कंपनीने न्यू यॉर्कमध्ये तुमच्यासाठी ठरावीक जागा न ठेवणं आणि घर-ऑफिसच्या खर्चाची बहुतांश भरपाई कंपनीने करणं हे येतं. इतर निकष बारीक आहेत: कामासाठी वेगळी फोन लाइन, कंपनीच्या लेटरहेडवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर घरचा पत्ता, घरातली एक जागा फक्त कामासाठी, कंपनीची कागदपत्रं किंवा माल तिथे ठेवलेला, त्या जागेचा व्यावसायिक विमा.

बहुतेकांचं घोडं दोन ठिकाणी अडतं. एक, न्यू यॉर्कमध्ये तुमच्या नावाचं टेबल अजून आहे. दोन, खर्चाची भरपाई नाममात्र आहे. कंपनीशी बोलायचं असेल, तर या दोन गोष्टींवर बोला. करार, भरपाईच्या पावत्या आणि टेबल सोडल्याची ईमेल हे सगळं वर्ष सुरू होण्याआधी तयार हवं. मागाहून केलेले कागद तपासणीत टिकत नाहीत.

कंपनीचं जर्सी सिटीतही ऑफिस आहे. तिथे बदली घेतली तर?

हाच सगळ्यात सरळ मार्ग. तुमचं नेमणुकीचं ठिकाण खरोखर न्यू जर्सीत असेल, तर न्यू यॉर्कला फक्त प्रत्यक्ष तिथे गेलेल्या दिवसांचा कर लागतो. बदली कागदावरचीच नको. ऑफिसात शिरतानाच्या बॅजच्या नोंदी रोज मॅनहॅटनच्या दिसल्या, तर बदलीच्या पत्राला अर्थ उरत नाही. बदली झाल्यावर मनुष्यबळ विभागाला आयटी-२१०४.१ हा फॉर्म नवीन टक्केवारीने भरून द्या, नाहीतर न्यू यॉर्कचा कर पूर्ण पगारावर कापला जात राहील.

दिवाळीला पुण्याला जाऊन महिनाभर तिथूनच काम केलं, तर?

न्यू यॉर्कच्या दृष्टीने पुण्याचं घर आणि एडिसनचं घर यांत फरक नाही. कंपनीने कामासाठी पाठवलं नसेल, तर ते दिवस तुमच्या सोयीचे आणि म्हणून न्यू यॉर्कचे. रजेचे दिवस मात्र कामाच्या दिवसांतून वेगळे वजा होतात, म्हणून रजा आणि काम यांची नोंद वेगवेगळी ठेवा.

भारतात बसून केलेल्या कामाच्या पगारावर भारताचाही हक्क निघू शकतो. भारत-अमेरिका करार अशा वेळी साधारणपणे सूट देतो, पण तिन्ही अटी हव्यात: त्या वर्षातला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारी कंपनी भारताची रहिवासी नाही, आणि पगाराचा बोजा त्या कंपनीच्या भारतातल्या शाखेवर नाही. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हा करार अमेरिकेच्या केंद्रीय आयकरापुरताच आहे, राज्यांना तो बांधत नाही. भारतात कर भरावा लागलाच, तर न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देत नाही.

एच-१बी व्हिसावर आहे. घरून काम केल्याने काही वेगळं?

कराचा आणि व्हिसाचा हिशेब वेगळा आहे. एलसीएमधल्या (व्हिसासाठी कंपनी श्रम खात्याकडे भरते तो, कामाचं ठिकाण सांगणारा अर्ज) महानगर क्षेत्राबाहेर घर बदललं आणि तिथून काम सुरू केलं, तर सहसा आधी सुधारित अर्ज करावा लागतो. एलसीएवर घर कामाचं ठिकाण म्हणून नोंदलं असेल, तर तो कागद कराच्या फाइलमध्येही ठेवा. तो एकटा पुरेसा नाही, पण काम कुठे होतं याचा जुना आणि स्वतंत्र पुरावा म्हणून त्याचं वजन आहे.

न्यू यॉर्क शहराचा वेगळा करही पडतो का?

नाही. बाहेर राहणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ मध्ये संपला. शहर सरकारच्या नोकरीत असलेल्यांना मात्र नेमणुकीच्या अटीनुसार तेवढीच रक्कम एनवायसी-११२७ या फॉर्मवर भरावी लागते.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात काय?

या दोन राज्यांत परस्पर करार आहे. पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल तर कंपनीला आरईव्ही-४१९ द्या, उलट असेल तर एनजे-१६५. फॉर्म दिला नाही, तर चुकीच्या राज्याचा कर कापला जातो आणि तो परत मागत बसावं लागतं. फिलाडेल्फिया शहराचा वेतन कर या करारात येत नाही. मात्र कंपनीनेच शहराबाहेरून काम करायला लावलं असेल, तर त्या दिवसांचा शहर कर बाहेर राहणाऱ्यांना परत मागता येतो. त्यासाठी कंपनीच्या सहीचं पत्र लागतं.

नोंदी कोणत्या आणि कशा ठेवायच्या?

रोज एक ओळ: तारीख, शहर, ऑफिस की घर की प्रवास, आणि प्रवास असेल तर कोणाच्या सांगण्यावरून. जोडीला बॅजच्या नोंदी, एनजे ट्रान्झिटची तिकिटं, टोलच्या ई-झीपासचा हिशेब, विमानाचे बोर्डिंग पास. तपासनीस हेच मागतात, आणि फोनच्या नोंदीशी पडताळूनही पाहतात. वर्षाअखेरीस आठवून केलेली यादी आणि टोलच्या नोंदी जुळल्या नाहीत, की बाकीच्या खऱ्या दिवसांवरचाही विश्वास उडतो.

न्यू यॉर्कला आव्हान द्यायचं असेल तर पावलं कोणती?

आमचा सल्ला: विवरणपत्र न्यू यॉर्कच्या नियमाप्रमाणे भरा, कर भरा, आणि मग सुधारित विवरणपत्र आयटी-२०३-एक्स देऊन घरच्या दिवसांचा परतावा मागा. असं केलं की दंड आणि व्याजाची टांगती तलवार राहत नाही. मुदत साधारणपणे मूळ विवरणपत्र भरल्यापासून ३ वर्षं किंवा कर भरल्यापासून २ वर्षं, यांतली जी नंतर संपेल ती. परतावा नाकारल्याची नोटीस आली, की तिच्यावरची अपिलाची तारीख सगळ्यात आधी बघा. कराची मागणी करणारी नोटीस आली असेल, तर मुदत ९० दिवसांचीच असते आणि ती वाढवून मिळत नाही. पुढे समेटाची बैठक, प्रशासकीय न्यायाधीश, न्यायाधिकरण आणि मग न्यायालय असा रस्ता आहे.

न्यू जर्सीने २०२३ च्या कायद्यात, असं आव्हान जिंकणाऱ्या रहिवाशांना न्यू जर्सीला जो वाढीव कर भरावा लागेल त्याच्या निम्म्या रकमेचं क्रेडिट ठेवलं आहे. ते ठरावीक करवर्षांपुरतंच आहे, तेव्हा तुमचं वर्ष त्यात बसतं का हे दावा करण्याआधी पाहा.

शेवटची काळजी अशांसाठी, ज्यांनी घरचे दिवस वगळून न्यू यॉर्कमध्ये विवरणपत्र भरलं आहे. त्यांनी न्यू जर्सीत त्या दिवसांचा पूर्ण कर भरलेला असतो. तीन वर्षांनी न्यू यॉर्कची तपासणी आली आणि ते दिवस पुन्हा मोजले गेले, तर न्यू जर्सीकडून परतावा मागण्याची मुदत तोवर संपलेली असू शकते, आणि मग खराखुरा दुहेरी कर बसतो. म्हणून न्यू यॉर्कचं पहिलं पत्र येताच, निकालाची वाट न पाहता, न्यू जर्सीत संरक्षणात्मक परताव्याचा दावा (मुदत निघून जाऊ नये म्हणून आधीच केलेला) दाखल करा आणि त्याची पोच जपून ठेवा.